पदनाम बदलल्याने शिक्षकांचा हुरूप वाढतो का? शाळेसाठी पायऱ्या ठरवताना काय पाहावे?

शाळासमिती (प्रश्न)

नमस्कार. आमची स्वयंअर्थसहाय्यित शाळा आहे, पहिली ते दहावी, एकूण ४२ शिक्षक. मुख्याध्यापक आणि एक पर्यवेक्षक सोडले तर सगळ्यांचे पदनाम एकच, सहशिक्षक. या जूनमध्ये रुजू झालेल्या बाई सहशिक्षक आणि अठरा वर्षे दहावीला गणित शिकवणारे सरही सहशिक्षक. चांगल्या शिक्षकाला वर जायचे तर पर्यवेक्षक व्हावे लागते, म्हणजे वर्गातून बाहेर पडावे लागते. ती जागा एकच, आणि तीही सेवाज्येष्ठतेने जाते.

समितीपुढे चार पायऱ्यांचा प्रस्ताव आहे: कनिष्ठ शिक्षक, शिक्षक, वरिष्ठ शिक्षक, मार्गदर्शक शिक्षक. काही सदस्यांचे म्हणणे असे की नाव दिले की माणूस त्या नावाला जागतो, पैशाचे पुढे बघू. आत्ता महिन्याला ३०,००० रुपयांपेक्षा जास्त तरतूद होणार नाही. माझे प्रश्न असे. नुसत्या पदनामाने काही साधते का? पायऱ्या किती असाव्यात? निवड कोणी करायची आणि कशावर? आणि कायद्याने यात काही अडचण येते का?

---

निवृत्त_विस्तारअधिकारी

आपल्या राज्यात पदनामांचे प्रयोग पुष्कळ झाले आहेत. नवीन काही करण्याआधी तेच नीट पाहा, अर्धी उत्तरे तिथेच मिळतील.

पदनाम, पैसा आणि काम या तीन गोष्टी एकत्र हलल्या की पदनामाचा उपयोग होतो. यातली एखादीच हलली की माणूस दुखावतो. आपल्याकडे या तिन्हींची फारकत झालेली उदाहरणे समोरच आहेत.

पहिले शिक्षणसेवकाचे. २००० साली योजना आली: तीन वर्षे ठरावीक मानधन, त्यानंतर नियमित वेतनश्रेणी. प्राथमिकला सुरुवातीचे मानधन ३,००० रुपये होते, पुढे ६,००० झाले आणि १ जानेवारी २०२३ पासून १६,००० (माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,०००). सातवा वेतन आयोग लागू झाल्यावर नियमित प्राथमिक शिक्षकाचे सुरुवातीचे मूळ वेतनच २९,२०० झाले. त्याच शाळेत, तितक्याच पटाचा वर्ग सांभाळणारा शिक्षणसेवक तेव्हा ६,००० वर होता. मधल्या काळात कायद्यात त्याचे नाव ‘सहायक शिक्षक (परिविक्षाधीन)’ असे झाले. मानधनाची पद्धत तीच राहिली, त्यामुळे नवे नाव कुणाच्या तोंडी बसले नाही. शासन निर्णयांतही शिक्षणसेवक हाच शब्द चालू राहिला. ‘सेवक’ शब्द खटकतो ही तक्रार खरीच आहे. वर्गात उभा राहणारा माणूस शिक्षक असतो, त्याला दुसरे काही म्हणायचे कारण नाही. पण नाव बदलून परिस्थिती तशीच ठेवली तर नवे नावही तितकेच खटकते.

दुसरे विषय शिक्षकाचे. जिल्हा परिषदेत सहावी ते आठवीसाठी पदवीधर शिक्षकांना विषय शिक्षक केले: भाषा, गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्र. पदवीधर वेतनश्रेणी मात्र त्यांतल्या ३३ टक्क्यांनाच. उरलेल्यांना विषय शिक्षक म्हणायचे, आठवीचे विज्ञान शिकवायला लावायचे आणि पगार पहिली-दुसरीच्या श्रेणीत. एकाच स्टाफरूममध्ये एकच पदनाम आणि दोन पगार. हे उदाहरण तुमच्या समितीला जरूर सांगा, कारण ‘पैशाचे पुढे बघू’ याचा शेवट असा होतो.

तिसरे, आणि माझ्या मते सर्वांत वाईट, प्रभारी मुख्याध्यापकाचे. पहिली ते पाचवीला पट १५० च्या आत असला की स्वतंत्र मुख्याध्यापकाचे पद मिळत नाही. मग दोनशिक्षकी शाळेतला ज्येष्ठ शिक्षकच प्रभारी होतो. पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस (शाळेची वार्षिक आकडेवारी), व्यवस्थापन समितीच्या सभा, बँकेचे व्यवहार, वर येणारी प्रत्येक माहिती, या सगळ्यावर सही त्याची, आणि दोन-तीन इयत्ताही त्याच्याकडेच. काम वाढले, जबाबदारी वाढली, पगार आणि पद जिथल्या तिथे. म्हणून हा ‘मान’ ज्येष्ठ शिक्षक टाळू पाहतात.

आता उलटे उदाहरण. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, जिला सगळे चट्टोपाध्याय म्हणतात, आणि चोवीस वर्षांनी निवडश्रेणी. प्रा. डी. पी. चट्टोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ ते ८५ मध्ये राष्ट्रीय शिक्षक आयोग बसला होता, तिथून हे नाव लोकांच्या तोंडी आले. इथे पैसा वाढतो, पदनाम तेच राहते आणि कामातही काही बदल नाही. तरीही शिक्षकांना ही श्रेणी हवीशी वाटते, कारण तारीख ठरलेली आहे. अमुक वर्षी बारा वर्षे पूर्ण, हे सेवापुस्तिकेवरून कुणालाही काढता येते. हुरूप जातो तो पुढे: पन्नास तासांचे प्रशिक्षण वेळेवर लागत नाही, प्रस्ताव त्रुटी काढून परत येतो, गोपनीय अहवालाची एखादी प्रत सापडत नाही. निवडश्रेणीला वरून २० टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे चोवीस वर्षे भरली तरी सगळ्यांना मिळत नाही. राज्याच्या इतर कर्मचाऱ्यांना १०, २० आणि ३० वर्षांनी आश्वासित प्रगती योजनेचा लाभ आहे. शिक्षक तीच मागणी का लावून धरतात हे यावरून कळेल.

तेव्हा तुमच्या शाळेत जे कराल त्याला तारीख द्या. दरवर्षी अर्ज अमुक महिन्यात, निर्णय अमुक तारखेला, आदेश आणि भत्ता १ जूनपासून. एक वर्ष तारीख चुकली की पुढच्या वर्षी अर्ज निम्मे येतात.

---

आयक्यूएसी_समन्वयक

वरिष्ठ महाविद्यालयांत पदनामांची शिडी पूर्ण बांधलेली आहे, म्हणून तिथले सांगतो. शाळेला त्यातले काही घेता येईल आणि काही टाळता येईल.

पूर्वी अधिव्याख्याता, प्रपाठक, प्राध्यापक अशी नावे होती. सहाव्या वेतन आयोगाबरोबर, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी ती सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक झाली. गंमत अशी की आपल्या बोलण्यात सगळेच आधीपासून ‘प्रा.’ आहेत. कनिष्ठ महाविद्यालयातले शिक्षकही नावाआधी ‘प्रा.’ लावतात आणि गावही तसेच हाक मारते. त्यामुळे लोकांत मिळणारा मान या बदलाने फारसा हलला नाही. हलले ते वेतन आणि त्यासाठीचे कागद.

२०१८ च्या विनियमांप्रमाणे पायऱ्या अशा आहेत. सहायक प्राध्यापक लेव्हल १० ला (लेव्हल म्हणजे वेतनस्तर) लागतो, मूळ वेतन ५७,७००. लेव्हल ११ साठी पीएच.डी. असेल तर ४ वर्षे, एम.फिल. असेल तर ५, काहीच नसेल तर ६. सोबत २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स आणि एक रिफ्रेशर किंवा तत्सम कोर्स. तिथून लेव्हल १२ ला ५ वर्षे. लेव्हल १२ वरून १३-ए ला, म्हणजे सहयोगी प्राध्यापक व्हायला, ३ वर्षे आणि पीएच.डी. सक्तीची. या एका पायरीवर सुरुवातीचे मूळ वेतन ७९,८०० वरून १,३१,४०० वर जाते. प्राध्यापक व्हायला आणखी ३ वर्षे, १० शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण.

आता परिणाम पाहा. लेव्हल १० ते १२ च्या टप्प्यांत अध्यापनाचा निकष साधा ठेवला आहे: नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले तर ‘चांगले’, ७० ते ८० ‘समाधानकारक’. म्हणजे मोजतात ते तास झाले की नाही एवढेच. तास कसा झाला याला गुण नाहीत. वरच्या पायरीवर मात्र मानव्यविद्येत एका निबंधाला १०, विज्ञानात ८, पीएच.डी. पूर्ण करून दिलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला १०. माणूस स्वाभाविकच जे मोजले जाते तिकडे वळतो. २०१० ते २०१८ या काळात एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरी मोजणारे, गुण होते, तेव्हा परिसंवादाची प्रमाणपत्रे आणि पैसे भरून निबंध छापणारी नियतकालिके यांचा पूर आला. तो आवरायला आयोगाला आधी नियम बदलावे लागले, मग २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी आणावी लागली, आणि २०२५ मध्ये तीही मागे घेतली. निकष चुकला की तो दुरुस्त करायला पंधरा वर्षे जातात, ते असे.

बढतीची फाइल प्रत्यक्ष कशी असते तेही सांगतो, म्हणजे वाया जाणाऱ्या कष्टांचा अंदाज येईल. प्रत्येक वर्षाचा स्वमूल्यांकन अहवाल, त्यावर प्राचार्यांची सही, वेळापत्रकाची प्रत, कोर्सची प्रमाणपत्रे, समित्यांवरील नेमणुकीची पत्रे, प्रत्येक निबंधाचे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि पहिले पान, सगळ्यांवर क्रमांक. सहा वर्षांची फाइल दोनशे पानांवर सहज जाते. एखाद्या वर्षाच्या समितीचे नेमणूकपत्र मिळाले नाही की ते वर्षच अडते. चांगला शिकवणारा पण कागद न सांभाळणारा माणूस इथे मागे पडतो.

या शिडीत शाळेने घेण्यासारखे एकच आहे, पण ते मोठे आहे. जागा रिकामी होण्याची वाट पाहावी लागत नाही. निकष पूर्ण केला की पायरी मिळते, शेजारच्याने आधी मिळवली म्हणून तुमची जात नाही. त्यामुळे एकाच विभागातले दोघे एकमेकांना पुस्तके आणि संदर्भ देतात. शाळेत ‘दोनच जागा’ असे ठरवले तर हे बंद होईल.

---

मराठीच्या_बाई

‘कनिष्ठ शिक्षक’ हे नाव कृपा करून ठेवू नका. पाटीवर किंवा वेळापत्रकात ते दिसले की आठवड्यात पालक येतात, ‘आमच्या मुलाला कनिष्ठांकडे का दिले, तुकडी बदलून द्या’ म्हणतात. नव्या शिक्षिकेचा वर्गावरचा वचक पहिल्याच महिन्यात जातो. नवीन असो की जुने, शिक्षकाला शिक्षकच म्हणा. वर जी नावे द्याल ती कामाची द्या. ‘वरिष्ठ शिक्षक’ म्हटले की बाकीचे आपोआप खाली जातात. ‘गणित मार्गदर्शक’ किंवा ‘वाचन मार्गदर्शक’ म्हटले तर ही बाई काय करते ते कळते, आणि मराठीच्या शिक्षकाला त्यात कमीपणा वाटत नाही.

दुसरे, शिक्षकाचा हुरूप कुठे गळतो ते आधी पाहा. आठवड्याला ३२ तासिका, त्यावर चार-पाच बदली तास, त्यावर प्रवेशाचे टेबल, स्नेहसंमेलन, फीची यादी. अशा माणसाला मार्गदर्शक म्हटले तर तो मार्गदर्शन कधी करणार? फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच मांडले होते की पगार, कामाची परिस्थिती, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो, पण नुसत्या त्या सुधारल्याने उत्साह येत नाही. तो काम स्वतः पार पाडण्यातून आणि त्याची दखल घेतली जाण्यातून येतो. दोन्ही बाजू लागतात. बदली तासांचा जाच तसाच ठेवून वरून पदनाम दिले तर उपयोग शून्य. बदली तास सगळ्यांना समान लागावेत म्हणून एक वही ठेवा आणि ती स्टाफरूममध्ये सगळ्यांना पाहता येईल अशी ठेवा. याला खर्च काहीच नाही.

---

पाठनिरीक्षण

वरच्या तिन्ही उत्तरांशी सहमत आहे. आता तुमच्या आकड्यांत बसेल अशी मांडणी देते.

पायऱ्या दोनच ठेवा: शिक्षक आणि मार्गदर्शक शिक्षक. ४२ शिक्षकांना ६ मार्गदर्शक पुरतात, एकाकडे सहा सहकारी. चार पायऱ्या केल्या तर प्रत्येक पायरीतला पैसा आणि कामातला फरक इतका बारीक होतो की तो कुणाला जाणवत नाही, आणि निवडीचे वाद मात्र तिप्पट होतात.

खर्चाचा हिशेब असा. सहा मार्गदर्शकांना प्रत्येकी २,५०० रुपये भत्ता, महिना १५,०००. प्रत्येकाच्या आठवड्यातल्या ४ तासिका कमी करायच्या, म्हणजे २४ तासिका मोकळ्या. ३२ तासिकांचा पूर्ण भार धरला तर हे पाऊण शिक्षकाचे काम. तुमच्याकडे नव्या शिक्षकाला महिना २०,००० च्या आसपास देत असाल तर अर्धवेळ नेमणुकीला १५,००० लागतील. दोन्ही मिळून ३०,०००. पैसे कमी पडले तर भत्ता कमी करा, तासिका कमी करू नका. भत्ता कमी झाला तर मार्गदर्शक कुरकुरेल, पण काम करील. वेळच नसेल तर काम होणारच नाही आणि सहा महिन्यांत पदनाम फक्त पाटीवर उरेल.

त्या ४ तासिकांत काय करायचे ते आदेशातच लिहा. दोन तासिका सहकाऱ्याच्या वर्गात बसायचे, एक त्याच्याशी बोलायचे, एक सामाईक टाचण किंवा प्रश्नपत्रिका. या तासिका वेळापत्रकात छापा, नाहीतर पहिल्याच गैरहजेरीला त्यांत बदली तास टाकले जातात. हे सगळ्यात जास्त वेळा बिघडणारे ठिकाण आहे.

निवड. अर्ज एका पानाचा. किमान पाच वर्षांचा अनुभव पुरे, कमाल काही नाही. त्यानंतर चार गोष्टी पाहायच्या.

दोन पाठ, एक सांगून आणि एक न सांगता, आणि प्रत्येक पाठाला दोन निरीक्षक. त्यांतला एक बाहेरच्या शाळेतला असावा. दोघांनी एकमेकांशी न बोलता नोंद लिहायची.

दहा वह्या: चार चांगल्या, तीन मधल्या, तीन मागे पडलेल्या मुलांच्या. नुसती लाल खूण आहे, की चूक कुठे झाली ते लिहिले आहे? आणि मुलाने पुढच्या पानावर ती सुधारली आहे का? तपासणीचा खरेपणा या दुसऱ्या प्रश्नात कळतो.

एका घटक चाचणीचे चुकांचे विश्लेषण, शिक्षकाने स्वतः केलेले. किती मुले नापास एवढे पुरत नाही. भागाकार करताना उत्तरात शून्य लिहायचे राहून गेले अशी किती, वजाबाकीत हातचा चुकला अशी किती, असे हवे.

आणि सहकाऱ्याला केलेल्या मदतीचा एक पुरावा: सामाईक टाचण, तयार केलेले साहित्य, घेतलेला नमुना पाठ.

वर्गाचा निकाल निकषात धरू नका. ‘अ’ तुकडी मिळालेल्याचा निकाल चांगला येतोच. निकाल धरला की मागे पडलेली तुकडी घ्यायला कुणी तयार होत नाही, आणि ज्या मुलांना चांगला शिक्षक सर्वांत जास्त हवा त्यांचेच नुकसान होते. विद्यार्थ्यांचे अभिप्रायही पाचवीच्या खाली नकोत.

निरीक्षणाची नोंद कशी असावी याचा नमुना देते, कारण सगळी योजना यावर उभी राहते. ‘पाठ प्रभावी झाला, फलकलेखन सुंदर’ हा शेरा निरुपयोगी. उपयोगी नोंद अशी असते:

‘इयत्ता चौथी, भागाकार, ३५ मिनिटे. शिक्षकाने १८ प्रश्न विचारले. १४ उत्तरे पहिल्या दोन बाकांवरून आली. खिडकीकडच्या रांगेला एकही प्रश्न नाही. ८१६ भागिले ४ या उदाहरणात सात मुलांनी २४ उत्तर काढले. शिक्षकाने बरोबर उत्तर फळ्यावर लिहिले, पण २४ का आले हे कुणालाही विचारले नाही. शेवटची ६ मिनिटे गृहपाठ उतरवून घेण्यात गेली.’

यात शिक्षकाला चांगले किंवा वाईट म्हटलेले नाही. पण उद्या काय बदलायचे ते त्याला स्पष्ट दिसते: रांगेवार प्रश्न आणि २४ चा उलगडा. ही नोंद ४८ तासांत त्याच्याशी बसून वाचायची. आठवड्याने उशीर झाला तर पाठ त्याच्या डोळ्यांपुढून गेलेला असतो.

आणि एक पक्के ठरवा: मार्गदर्शकाने सहकाऱ्याच्या वर्गात केलेल्या नोंदी मुख्याध्यापकांकडे किंवा गोपनीय अहवालात जाणार नाहीत. त्या गेल्या, तर मार्गदर्शक म्हणजे दुसरा पर्यवेक्षक होतो. मग शिक्षक त्याच्यासमोर बसवलेला पाठ घेतात आणि खरी अडचण लपवतात.

---

निवृत्त_विस्तारअधिकारी

कायद्याचा मुद्दा राहिला होता. खासगी शाळांतील कर्मचारी सेवाशर्ती अधिनियम १९७७ आणि त्याखालची १९८१ ची नियमावली मान्यताप्राप्त खासगी शाळांना लागू आहे, विनाअनुदानित असल्या तरी. सेवाज्येष्ठता नियम १२ आणि अनुसूची ‘फ’ प्रमाणे ठरते. तुम्ही दिलेल्या अंतर्गत पदनामाने ती बदलत नाही आणि बदलली असे कुणाला वाटूही देऊ नका. उद्या मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली की ‘मी मार्गदर्शक आहे, मला आधी’ असा दावा येतो, आणि ज्येष्ठ शिक्षक न्यायाधिकरणात जातो.

म्हणून आदेशात तीन वाक्ये घाला. ही नेमणूक अतिरिक्त कामाची असून तिची मुदत तीन वर्षे आहे. या नेमणुकीमुळे मूळ पद, सेवाज्येष्ठता आणि पदोन्नतीचा हक्क यांत काही फरक पडत नाही. भत्ता नेमणुकीच्या मुदतीपुरता आहे. आदेशाची प्रत वैयक्तिक नस्तीत आणि ज्येष्ठता यादी पूर्वीप्रमाणेच दरवर्षी सह्या घेऊन फिरवायची.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये बढती आणि पगारवाढ केवळ सेवाकाळावर न देता व्यावसायिक मानकांच्या मूल्यमापनावर द्यावी असे म्हटले आहे. त्यावर राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने मानकांचा दस्तऐवज केला आहे. तो मागवून पाहा, निरीक्षणाचे मुद्दे ठरवायला उपयोगी पडेल. पण सेवाज्येष्ठतेचा नियम आज तोच आहे, तेव्हा वरची तीन वाक्ये हवीतच.

---

शाळासमिती

सर्वांचे मनापासून आभार. ‘कनिष्ठ’ आणि ‘वरिष्ठ’ दोन्ही नावे काढून टाकतो, दोन पायऱ्या समितीपुढे ठेवतो. दोन शंका उरल्या. एक, वीस-बावीस वर्षे सेवा झालेले सातआठ जण आहेत. त्यांतल्या कुणाची निवड झाली नाही आणि हाताखाली शिकलेली बाई मार्गदर्शक झाली, तर त्यांचे काय? दोन, समन्वयक म्हणतात की जागांची मर्यादा नको, आणि तुम्ही म्हणता सहाच. याचा मेळ कसा घालायचा?

---

आयक्यूएसी_समन्वयक

दुसऱ्या शंकेचे मी सांगतो. पात्रता आणि नेमणूक वेगळी करा. निकष पूर्ण करणारा प्रत्येक जण ‘पात्र’ ठरतो, तसे पत्र त्याला मिळते, संख्येला मर्यादा नाही. नेमणूक सहा जणांची, तीन वर्षांसाठी, आणि पात्र यादीतून आळीपाळीने. सगळे एकदम बदलू नयेत म्हणून पहिल्या फेरीत दोघांना एक वर्ष, दोघांना दोन, दोघांना तीन अशी मुदत द्या. पुढे दरवर्षी दोन जागा खुल्या होतील आणि समोर नेहमी काहीतरी दिसत राहील.

बाहेरची दोन उदाहरणे इथे लागू पडतात. चीनमध्ये प्राथमिक शिक्षकांची पदश्रेणी मधल्या पातळीलाच संपत असे. २०१५ मध्ये देशभर प्राथमिक आणि माध्यमिकच्या श्रेणी एक करून वर प्राध्यापकाच्या तोडीची पायरी जोडली, म्हणजे प्राथमिकच्या शिक्षकालाही वर वाट मिळाली. पण वरच्या श्रेणींच्या जागा शाळेगणिक ठरलेल्या, त्यामुळे पात्र असूनही जागेसाठी थांबणाऱ्यांची रांग राहतेच. सिंगापूरने २००१ मध्ये अध्यापनाची वाटच वेगळी केली. आज तिच्या पायऱ्या अशा: सीनियर टीचर, लीड टीचर, मास्टर टीचर, प्रिन्सिपल मास्टर टीचर. मुख्याध्यापक न होता, शिकवण्याच्याच वाटेने वर जाता येते, आणि प्रत्येक पायरीला इतर शिक्षकांना घडवण्याचे काम जोडलेले आहे. तुमच्या अठरा वर्षे गणित शिकवणाऱ्या सरांची अडचण नेमकी हीच होती.

---

पाठनिरीक्षण

पहिल्या शंकेचे. ज्येष्ठांना सवलतीने मार्गदर्शक करू नका. पहिल्याच वर्षी तसे केले तर निकषावरचा सगळ्यांचा विश्वास जातो. त्यांच्यासाठी तीन गोष्टी करता येतात.

अर्ज न करण्याची मोकळीक ठेवा, आणि कुणी अर्ज केला, कुणाचा नाकारला हे नोटीसबोर्डवर लावू नका. फक्त नेमणुका जाहीर करा. ज्याची निवड झाली नाही त्याला त्याच्या दोन्ही पाठांची पूर्ण नोंद द्या आणि पुढच्या वर्षी नेमके काय दिसायला हवे ते दोन ओळींत लिहून द्या. नुसते ‘निवड झाली नाही’ असे पत्र पाठवले तर तो माणूस पुन्हा अर्ज करत नाही.

सेवाकाळाचा मान निवडीपासून वेगळा ठेवा. बारा आणि चोवीस वर्षांना एकेक वेतनवाढ, जशी अनुदानित शाळेत श्रेणी मिळते तशी, निरीक्षणाशिवाय, तारखेला आपोआप. याची तरतूद पुढच्या अंदाजपत्रकात करावी लागेल, पण ती करा. वर्षांचा मान वर्षांना मिळाला की ज्येष्ठ शिक्षक मार्गदर्शकपदाकडे हिसकावलेला हक्क म्हणून पाहत नाहीत.

आणि मार्गदर्शक बाईंना त्या ज्येष्ठांच्या वर्गात पहिल्या सत्रात पाठवूच नका. पहिली जोडी नव्या शिक्षकांशी लावा. ज्येष्ठांना उलट विनंती करा की तुमचा एक पाठ नव्यांना पाहू द्या. ज्यांच्याकडे दाखवण्यासारखे आहे ते आनंदाने होकार देतात. दुसऱ्या सत्रात परस्पर निरीक्षण सुरू करा: बाई सरांच्या वर्गात एकदा, सर बाईंच्या वर्गात एकदा, नोंदीचा कागद एकच.

जूनमध्ये सुरू करायचे तर कामाचा क्रम असा: जानेवारीत निकष स्टाफसभेत वाचून हरकती घ्या, फेब्रुवारीत अर्ज आणि पहिला पाठ, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात दुसरा पाठ आणि वह्या, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आदेश. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, तेव्हा नववी-दहावीला शिकवणाऱ्यांचे दोन्ही पाठ फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच उरका, आणि ते नववीच्या वर्गावर घ्या.